सखा, तुझी आडवी थाप

सखा,

परवावर तुझा तेरावा आलाय. तुझ्याच घरी, तुझ्याच पडवीत बसून लिहितोय. समोर तुझा ढोल भिंतीला टेकवलाय. दोऱ्या सोडल्यात, म्हणून चामडं सैल पडलंय, म्हाताऱ्या बैलाच्या गळ्याखालच्या पोळीसारखं.

आपल्या दोन घरांची रीत तुला सांगायला नको. ढोल वाजवणारा गेला की त्याच घडीला ढोलाच्या दोऱ्या सोडायच्या. माणूस उठून गेल्यावर ढोलानं मागं बोलत बसू नये, म्हणून. तेराव्याला सोयऱ्यानं दोऱ्या आवळायच्या आणि पहिला ठेका त्यानं धरायचा. ठेका कुठला, तर जो गेला त्याच्या हातचा. तो वाजला की ढोल मोकळा झाला, मग घरातल्या कुणी बी घ्यावा. तुझ्या बापाच्या वेळी माझ्या बापानं वाजवला. माझ्या बापाच्या वेळी तू वाजवलास, आणि असा वाजवलास की माझी आई आत बसून म्हणाली, हे बाहेर आले की काय. आता तुझ्या वेळी मी. तुझ्या थोरल्या बहिणीचा नवरा, तुझा दाजी. ढोल वाजवणं अजून माझं सुटलेलं नाही. बघणाऱ्याला वाटंल, ह्यात काय अवघड.

काल तुझी लेक मंदा समोर येऊन बसली. अक्का तिची आत्या, पण आपल्या रीतीनं मला ती मामाच म्हणते. कंपनीतनं रजा काढलीय तिनं. डोळे सुजलेत, पण आवाज तुझ्यासारखाच, खाली ठेवलेला.

"मामा, तेराव्याला बाबांचा ठेका वाजवाल ना? त्या कॅसेटचा."

मी म्हणलं, "जत्रंतला वाजवतो की. तो बी त्याचाच."

"तो सगळ्यांचा झाला. बाबांचा तो एकच."

तुझी अक्का चुलीपाशी होती. तिनं मान बी वर केली नाही. "वाजवतील कसे? सारा जन्म त्याला आडवी थाप म्हणून हसले. आता कंच्या तोंडानं वाजवतील?"

मी उठून बाहेर गेलो. मंदाला वाटलं असंल, मामाला राग आला. अक्काला वाटलं असंल, ताठा. दोघींचं थोडं थोडं खरं आहे. पण आतलं कारण निराळंच आहे, आणि ते फक्त तुला सांगतो, कारण आता तू कुणाला सांगणार नाहीस. सखा, मला तो ठेका येत नाही.

ती कॅसेट आपण मागून आणली नव्हती. आली आपोआप. शहागंजच्या जुन्या बाजारात आपण लोकर विकून आलो होतो, आणि तुला टेप घ्यायचा होता. मी म्हणत होतो घोंगडी घे, थंडी आलीय. तू त्या दुकानदारापुढं उकिडवा बसलास तो उठेचना. टेप काळा, एका बाजूचा दांडा मोडका, आणि आत एक कॅसेट अडकलेली.

दुकानदार म्हणाला, "चाचा, अंदर की कॅसेट बी ले जाव. निकलतीच नै."

तुला वाटलं भजन असंल. मला वाटलं कव्वाली. त्यानं बटण दाबलं. आधी पोटात घुमणारा एक जाड आवाज आला, विहिरीत दगड पडल्यावर येतो तसा. मग कुणीतरी गायला लागला. मागं बाया, अगदी आपल्या झीलकऱ्यांसारख्या, त्याचा शब्द उचलून धरायच्या. आणि ढोल. ढोल ऐकून माझं डोकंच फिरलं.

"मशीन बिघडलंय," मी म्हणलं. "थाप जिथं पडायला पायजे तिथं पडतच नाय."

दुकानदारानं माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं. "मशीन चकाचक है, चाचा. बजानेवालाच वैसा है."

आपल्या ढोलावर पाऊल आणि थाप एका दमात पडतात. पहिली थाप, पहिलं पाऊल. आपण पाळण्यात असल्यापासून हेच ऐकलंय. त्या कॅसेटात पहिल्या जागेला काहीच नाही. ढोल नंतर येतो, वाट बघून आल्यासारखा. मला तर पायरी समजून पाऊल टाकावं आणि खाली पायरीच नसावी, तसं झालं. तू मात्र डोळे मिटून मान हलवत होतास.

"त्यानं ती जागा सोडलीया, दाजी."

"कुणापायी?"

"मला काय ठावं. देवापायी असंल."

"देवाला बसायला जागा लागती व्हय? लई शहाणा!"

तिथनं सुरू झालं आपलं. ते मिटलं नाहीच, अर्ध्यावर टाकून तू गेलास.

हर्सूलच्या तळ्यातले दिवस तुला आठवत असतील. तळ्यातले म्हणतोय, तळ्यावरचे नाही, कारण त्या साली पाणी मधोमध डबक्याएवढं उरलं होतं आणि आपल्या मेंढरांची दोन्ही खांडं तळ्याच्या पोटात उभी होती. भेगा अशा की कोकराचा पाय आत जायचा. देवगाव रंगारीकडनं मी माझी मेंढरं घेऊन आलो, शेंद्र्याकडनं तू तुझी. दुपारी मेंढरं माना एकमेकांच्या पोटाखाली घालून उभी राहायची आणि तू टेप लावायचास. शेल मेले की गाणारा म्हातारा व्हायचा, बाया रेड्यासारख्या हंबरायच्या. मग तू शेल काढून तापल्या दगडावर उन्हात ठेवायचास. परत जरा जीव यायचा त्यांच्यात.

अक्का म्हणायची, "पाण्याला एवढं उन्हात फिरला असतास तर हंडाभर मिळालं असतं."

"अक्के, पाणी नाय त्यालाच तर गाणं लागतं."

आणि तो लाल्या बोकड! तू टेप उघडा टाकून डबक्याकडं गेलास, कॅसेट अखेर बाहेर निघाली म्हणून फुंकर मारून वाळत ठेवली होतीस. परत येईस्तोवर लाल्याच्या तोंडात शेवयासारखी रीळ. तू त्याच्या मागं, मी हसून हसून खाली बसलेलो. अर्धी तू त्याच्या जबड्यातनं ओढून काढलीस, बाकी त्यानं गिळली. मग कुणाकडनं तरी चिकटपट्टी आणून तू जोड दिलास. तेव्हापासून त्या मधल्या गाण्यात गाणारा मोठ्यानं काहीतरी मागायला लागायचा आणि एकदम पुढच्या गाण्यातच उतरायचा. तू दर खेपेला तिथं "आरं!" म्हणायचास. मी म्हणायचो, राहिलेलं लाल्याला विचार.

तळ्यावर सकाळी एक गृहस्थ फिरायला यायचे, कॉलेजात इंग्रजी शिकवणारे. एक दिवस ते थबकले. मेंढरांत उभं राहून त्यांनी सबंध बाजू ऐकली. त्यांनीच सांगितलं की ह्याला रेगे म्हणतात, आणि ही माणसं जमैका नावाच्या बेटावरची. त्यांच्या वाडवडलांना जहाजात कोंबून नेलं, उसाच्या फडात राबवायला. ती देवाला एका अक्षराची हाक मारतात, जटा वाढवतात, आणि देव आपल्याला आपल्या मुलखात परत नेईल म्हणतात. लाल्यानं खाल्लेलं गाणं कुठलं, तेही त्यांनी सांगितलं. त्यात तो देवाला विचारतो, की नदीला मालक झाला, रानाला मालक झाला, आता ढगालाही होऊ देणार का? पुढं देव काय म्हणाला, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. पुढचं तर लाल्याच्या पोटात.

ते गेल्यावर तू कितीतरी वेळ काठीनं भेगांत माती ढकलत बसलास.

"दाजी, ही आपलीच माणसं."

"आपली माणसं समिंदरापलीकडं कशाला जातील?"

"नेली म्हणत्यात. ऊस तोडायला."

"मग आपली बी कोयता घेऊन जात्यातच की कारखान्याला."

"ती परत येत्यात, दाजी. ह्यांना कुणी परत आणलंच नाय."

मी दुसरंच काढलं. ज्याचा शब्द कळत नाही ते गाणं कसलं आणि तो देव कसला, असं म्हणलो. तू म्हणलास, मेंढराला तुमचा शब्द कळतो का? तुमच्या हाळीनं फिरतंयच ना? तेव्हा मी म्हणलं, मग तू मेंढरू हायस. तू हसलास. "व्हय की. मेंढरूच हाय." तुझं हे असं होतं. मी दगड मारायचा आणि तू तो झेलून कुरवाळत बसायचास. भांडणाला जोडीदार म्हणून तू लई वाईट होतास.

आता जत्रेचं. सगळी म्हणतात मी तुझ्यावर अन्याय केला. मी आज बी म्हणतो, त्या दिवशी मी बरोबर होतो. खंडोबाची पालखी निघालेली, पुढचा ढोल माझा, मागचा तुझा, मधी पंचवीसेक माणसं पावलं टाकतायत. आणि तू मधीच पहिली थाप गिळलीस. माणसांची पावलं एकमेकांत अडकली. एकाचा फेटा सुटून पायांत आला, तो दुसऱ्याच्या अंगावर पडला. बाया हसायला लागल्या.

मी ढोल थांबवला. "सख्या, ढोल वाजवतोस का ढेकळं फोडतोस?"

तू म्हणलास, "दाजी, एकदा तुमी वाजवून बघा. मग नाय म्हणा."

"आडव्या वाटंनं माझी मेंढरं बी जात नाईत. उतरव ढोल."

माणसं आणखी हसली. तू ढोल उतरवलास, कपाळाला लावलास आणि पालखीमागं उघड्या हातानं चालत राहिलास. चालत्या पावलांखालची जमीन कुणी बदलत नसतो, सखा. हे मी तुला आज बी सांगीन. पण जत्रा एका दिवसाची होती. पालखी देवळात गेली, माणसं पांगली. त्यानंतर इतके दिवस उगवले, इतक्यांदा आपण एका ताटात जेवलो. तेव्हा मला कुणी अडवलं होतं? एका रिकाम्या दुपारी, कुणी बघत नसताना, "आण रं, कसा वाजवतोस दाखव," एवढं म्हणायला काय लागलं असतं? मी बरोबर होतो, तेच घेऊन बसलो. त्या एका दिवसाचं बरोबर असणं मी जन्मभर पुरवून खाल्लं.

मग शेंद्र्याला कंपन्या आल्या. तुझं रान त्यात गेलं आणि मेंढरंही गेली. तू खाकी शर्ट घालून पत्रा दाबायच्या मशीनपाशी उभा राहायला लागलास. मी पहिल्यांदा बघायला आलो तेव्हा तू मला फाटकापर्यंत नेऊन म्हणलास, "ऐका, दाजी. आधी श्वास घेतंय, मग ठोका. त्या कॅसेटासारखंच." मी म्हणलं, "आता कंपनीचा ढोल वाजव. पगारी ढोल्या." माझ्या बोलण्यात विष होतं, कारण मी घाबरलो होतो. तुझी मेंढरं गेली, उद्या माझी जातील, हे मला दिसत होतं. पूर्वी हर्सूलपासून पुढं शेतकरी हाका मारून बोलवायचे. आमच्या रानात मेंढरं बसवा, खत होईल, दाणे देतो. आता त्याच रानांना तारेचं कुंपण, आत नुसते दगड, प्लॉटचे नंबर घातलेले. दगडाला लेंडीखत कशाला लागतंय?

तरी मी मेंढरं सोडली नाहीत. परत दुष्काळ पडला तेव्हा माझ्याकडं चारा नव्हता, आणि मी कुणाला सांगितलं बी नव्हतं. अक्कानं सांगितलं असंल. एक दिवस काळी-पिवळी जीपच्या टपावरनं देवगावला पोती उतरली. उघडली तर आत हिरवंगार गवत, बोटाएवढं, एकसारखं कापलेलं. कंपनीच्या पुढच्या हिरवळीवर मशीन फिरवतात, तिथलं. मग दर आठवड्याला पोती यायला लागली.

मी निरोप धाडला, "औषध मारलेलं असंल. कंपनीचं गवत."

तुझा उलटा निरोप आला, "मग तुमी नका खाऊ, दाजी. मेंढरांना द्या."

मेंढरांनी खाल्लं. जगली. त्या साली जेवढी कोकरं झाली तेवढी तुझ्या गवतावर झाली. मी तुला कधी "गवत पावलं" असं सुद्धा म्हणलो नाही. मला वाटायचं, म्हणलं तर कंपनी जिंकली. कंपनीला काय त्याचं? गवत कापून टाकलं की ती विसरली. पोत्यात भरून, दोरीनं तोंड बांधून, जीपवाल्याच्या हातापाया पडून पाठवणारा तू होतास. सखा, गवत पावलं. मेंढरांच्या वतीनं आणि माझ्या वतीनं.

आणि ते शेवटचं. मंदानं मोबाईलात ती कॅसेट शोधून काढली, सबंध. लाल्यानं गिळलेला तुकडा सुद्धा. तू लगेच फोन केलास. तुझा आवाज असा होता, जसं काही जहाजातनं कुणीतरी परत आलंय.

"दाजी, या लवकर. लाल्याचा तुकडा घावला!"

"मेंढरं टाकून गाण्यासाठी येऊ का?"

"बरं, फोनवरच ऐका मग. मंदा, लाव गं."

मी फोन खाटेवर ठेवला आणि कोकरू बांधायला गेलो. बांधायची घाई नव्हती. तू किती खूश आहेस हे मला ऐकवत नव्हतं, एवढंच. परत आलो तर गाणं संपलं होतं आणि तू माझी वाट बघत होतास.

"ऐकलं का, दाजी?"

"ऐकलं."

"कसं वाटलं?"

"बरं हाय."

 मग म्हणलास, "बरं, दाजी. जेवा आता." तुला कळलं होतं. खोटं बोलणारा ऐकूनच ओळखायचास तू. त्यानंतर आपण बोललो ते पावसाचं, अक्काच्या गुडघ्यांचं आणि मंदाच्या बदलीचं. मग तू दवाखान्यात गेलास आणि मग मंदाचा फोन आला.

दोन दिवस झाले, मी इथं मागच्या पडवीत तेलाच्या रिकाम्या डब्यावर हात चालवून बघतोय. कॅसेट माझ्या डोक्यात आहे, तू इतकी वाजवलीस की जाणार कुठं? पण हात ऐकत नाही. पहिल्या जागेला तो आपोआप पडतो, जसा वाटंवर मोकळं सोडलेलं मेंढरू घरच्या वाड्याकडंच वळतं. धरून ठेवावा तर दुसरी बी थाप राहते. मघाशी अक्का आली. बघत उभी राहिली. मला वाटलं आता टोमणा येणार.  डबा फरशीवर सरकत होता, तर ती त्याच्याखाली गोणपाट घालून गेली.

परवा काय करू ते कळत नाही. जत्रेतला ठेका वाजवला तर कुणाला काही कळणार नाही. हेच मला आत खातंय.

*

तेरावा झाला. पुढचं लिहितो.

सकाळीच मी ढोल उन्हात ठेवला. चामडं तापलं, मग दोऱ्या आवळायला बसलो. हात दुखतात आता, पण दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. एकेक दोरी ओढून, चामड्यावर बोट वाजवून बघत गेलो. आवाज हळूहळू वर आला. भाऊकी जमली. देवगावकडची माणसं आली. तुझ्या कंपनीतली चारदोन माणसं खाकी शर्टातच आली होती, एक पाळी करून. तुझे चुलते तात्या खुर्चीवर बसले होते, काठी दोन्ही गुडघ्यांत धरून.

"घे रे, घाल गळ्यात," तात्या म्हणाले. "दोन्ही घरांत तुझ्यावाणी हात राहिला नाय आता कुणाचा."

ढोल गळ्यात घातला. मंदा उंबऱ्यात उभी होती. मी तुझ्या फोटोकडं बघितलंच नाही, मंदाकडंही नाही. डोळे मिटले. कॅसेट आठवली, तो विहिरीतला आवाज आठवला, बायांची झील आठवली. आणि हात उचलला.

हात पडला तो पहिल्याच जागेला. नेहमीच्या. आणि एकदा पडला की मग थांबतोय कुठं? ढोल सुटला, जत्रेत सुटतो तसा. माणसांच्या माना हलायला लागल्या. खाकी शर्टातल्या एकानं टाळी धरली. तात्यांची काठी फरशीवर ताल द्यायला लागली. मला वाटतं, मी इतकं चांगलं कधी वाजवलं नव्हतं.

थांबलो तेव्हा तात्यांचे डोळे भरलेले. "झालं. सखाचा ढोल मोकळा झाला."

सगळ्यांनी मान हलवली. कुणी बायका जेवणाची पानं मांडायला उठल्या. सखा, तिथंच सगळं संपलं असतं. कुणाला काही कळलं नव्हतं. मला वाहवा मिळाली होती, तुझा मान राहिला होता, रीत राहिली होती. फक्त मंदा उंबऱ्यावरनं आत वळली होती. ती रडत नव्हती की चिडली नव्हती. मामाकडनं जेवढं अपेक्षित होतं तेवढंच झालं, अशी पाठ होती तिची.

मी म्हणलं, "तात्या, झालं नाय."

"काय झालं नाय?"

"हा सखाचा ठेका नव्हं. हा माझा."

"मग वाजव की सखाचा."

सगळी माझ्याकडं बघायला लागली. मी हातातलं टिपरू, ढोलाची काठी, खाली घेतलं. 

"मला येत नाय."

तात्या हसले. त्यांना वाटलं मी चेष्टा करतोय. "तुला? तुला येत नाय?"

"येत नाय, तात्या. सखाला येत होता. मी त्याला आडवी थाप म्हणायचो. ती आडवी नव्हती. माझ्या हाताला जमत नव्हती."

पाठीमागं कुणीतरी म्हणलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. तुझी अक्का चुलीपासनं उठून दारात आली होती, पदर तोंडावर धरून.

"मग कुणाला येतो?" तात्यांनी विचारलं.

मी मंदाला हाक मारली. लहानपणापासनं तुझ्याशेजारी बसून तिनं तो ठेका उचलला होता, हे मला ठाऊक होतं. ती आली. ढोल मी गळ्यातनं काढला आणि तिच्या गळ्यात घातला.

"पोरीनं ढोल?" भाऊकीतनं आवाज आला. "सोयऱ्याचा हात लागतो. पोर काय सोयरी हाय व्हय?"

"सोयरा मी हाय," मी म्हणलं. "माझा हात मी तिला दिला. ज्याला पटत नसंल त्यानं पुढं यावं आणि सखाचा ठेका वाजवून दाखवावा."

कुणी आलं नाही.

मंदा उभी राहिली. टिपरू तिनं नीट धरलं, तुझ्यासारखंच, अंगठा वर ठेवून. मी कान टवकारले. पहिल्या जागेला काहीच नाही. मग ढोल आला. मी इतकी वर्षं तो टेपातनं ऐकला, फोनातनं ऐकला, तुझ्या मांडीवर बोटांनी ऐकला. खऱ्या चामड्यावर, समोर, कधी ऐकला नव्हता. जत्रेत तू काय वाजवत होतास ते मला आज कळलं. तेव्हा मी ऐकत नव्हतो, पावलं मोजत होतो. माणसं आधी गोंधळली. कुणाचं पाऊल उचललं आणि तसंच राहिलं, टाळी वाजवणाऱ्याची टाळी हुकली. मग हळूहळू सगळी स्तब्ध झाली आणि त्या मोकळ्या जागेत फक्त आमचे श्वास ऐकू यायला लागले. तात्यांची काठी थांबली होती. तू खरंच त्या जागेत कुणाला बसवायचास की काय, मला ठाऊक नाही. मला तिथं तूच बसलेला दिसलास.

जेवणं झाली, माणसं पांगली. काळी-पिवळी निघायला अवकाश होता. मंदा पडवीत येऊन माझ्याशेजारी बसली, ढोल पायांशी घेऊन.

"मामा, शिकवू का?"

मी म्हणलं, "व्हय."

एवढाच शब्द, सखा. तो जिभेवर यायला मला अख्खा जन्म लागला. तो तुझ्या वाटणीचा होता. मी तो तुझ्या पोरीच्या पदरात घातला, कारण घालायला तू समोर नव्हतास. मंदा मला शिकवील, हात वळंल का नाही देव जाणे. पण तू विचारलंस तेव्हा मी "नाय" म्हणलो आणि तिनं विचारलं तेव्हा "व्हय". ह्याचं काय करू, ते मला कुणी सांगणारं उरलं नाही.

तुझा,
दाजी